युरिया टाकला की पाणी थंड का पडतं? मोबाईलवर एन्ट्रॉपी शिकताना

फवारणीसाठी बादलीत युरिया कालवला असेल, तर एक गोष्ट तुमच्या हाताला नक्की जाणवली असेल. पाणी गार पडतं. बादलीला बाहेरून हात लावला तरी कळतं. बर्फ टाकलेला नाही, वीज नाही, काही नाही, तरी पाणी गार.

आता शाळेपासून आपल्या डोक्यात एक समज पक्की बसलेली असते: ज्या क्रियेत ऊर्जा बाहेर पडते, ती क्रिया आपोआप होते. लाकूड पेटलं की जळतच जातं. कळीच्या चुन्यावर पाणी ओतलं की तो खदखदतो. दगड उतारावरून खालीच येतो. युरियाचं मात्र उलटं आहे. एक मोल युरिया, म्हणजे ६० ग्रॅम, पाण्यात विरघळताना साधारण १५ किलोज्यूल उष्णता शोषून घेतो. ती उष्णता पाण्यातूनच येते, म्हणून पाणी थंड पडतं. म्हणजे हा सौदा ऊर्जेच्या दृष्टीने तोट्याचा. तरीही युरिया आपोआप विरघळतो, कोणी जबरदस्ती करत नाही. असं का?

या प्रश्नाचं उत्तर म्हणजे एन्ट्रॉपी. आणि हा शब्द ऐकूनच बारावीतली अर्धी पोरं पान उलटतात.

मोबाईलवर शिकता येतं का, हा खरा प्रश्न

माझा एक चुलतभाऊ धनजला असतो. धनज म्हणजे वाशिम जिल्ह्यातल्या कारंजा तालुक्यातलं गाव. तो बारावी सायन्सला आहे, दहावीपर्यंत मराठी माध्यम आणि अकरावीपासून सगळं इंग्रजीत. सध्या घरात चर्चा चालू आहे ती अकोल्याला क्लास लावायचा की नाही याची. फी, खोलीभाडं, मेस असा सगळा खर्च आला. भावाचं म्हणणं, "दादा, सारं तं मोबाईलवर फुकट भेटते, मंग क्लास कायले लावाचा?" काकांचं म्हणणं, "मोबाईलवर नुस्त्या रीला पायत रायते पोट्टा."

दोघांचंही थोडं थोडं खरं आहे. म्हणून मी त्याला युरियाचा प्रश्न विचारला. एन्ट्रॉपीवरचे सात-आठ व्हिडिओ त्याचे बघून झाले होते. तो लगेच म्हणाला, "एन्ट्रॉपी वाढते म्हणून. एन्ट्रॉपी म्हणजे डिसऑर्डर." मी विचारलं, "कशाचा डिसऑर्डर? आणि तो वाढला तर युरियाला काय फायदा?" इथे गाडी थांबली.

यात त्याचा दोष नाही. बहुतेक व्हिडिओ त्या एका वाक्यावरच थांबतात, कारण परीक्षेत तेवढं पुरतं. पण तिथे थांबलं की पुढचं गिब्ज फ्री एनर्जीचं सूत्र, इक्विलिब्रियम, इलेक्ट्रोकेमिस्ट्री सगळं पाठांतर होऊन बसतं. आपण जरा पुढे जाऊ या.

पहिला नियम: ऊर्जेचा हिशोब

थर्मोडायनॅमिक्सचा पहिला नियम म्हणजे जमाखर्चाची वही. ऊर्जा निर्माण होत नाही, नष्ट होत नाही, फक्त खातं बदलते. युरियाने १५ किलोज्यूल घेतले तर पाण्याचे तेवढेच कमी झाले. अर्धा लिटर पाण्यात ६० ग्रॅम युरिया टाकला, तर तापमान ढोबळमानाने सहा-सात अंशांनी उतरतं.

इथे ऑनलाईन शिकणाऱ्यांसाठी एक खड्डा आहे. केमिस्ट्रीच्या व्हिडिओत सूत्र असतं: डेल्टा यू = क्यू + डब्ल्यू. फिजिक्सच्या व्हिडिओत तेच सूत्र दिसतं: डेल्टा यू = क्यू − डब्ल्यू. एकाच संध्याकाळी दोन्ही बघितले की वाटतं, कोणीतरी चुकीचं शिकवतंय. दोन्ही बरोबर आहेत. केमिस्ट्रीत डब्ल्यू म्हणजे वायूवर बाहेरून केलेलं काम, फिजिक्समध्ये डब्ल्यू म्हणजे वायूने बाहेर केलेलं काम. चिन्ह बदललं, अर्थ तोच. व्हिडिओ सुरू झाला की आधी सर कोणता डब्ल्यू घेतायत ते वहीत लिहून ठेवा.

पण पहिला नियम फक्त हिशोब जुळवतो. क्रिया कोणत्या दिशेने जाईल ते तो सांगत नाही. टेबलावरचा गरम चहा थंड होतो. टेबलातून उष्णता चहात शिरून चहा उकळायला लागला तरी वहीतला हिशोब जुळलाच असता. तसं कधी होत नाही, कारण दिशा ठरवणारा नियम दुसरा आहे.

नाण्यांचा खेळ: एन्ट्रॉपी म्हणजे मोजणी

चार नाणी घ्या आणि एकदम फेका. छापा-काट्याच्या एकूण १६ जुळण्या होऊ शकतात. चारही छापे येण्याची जुळणी एकच. दोन छापे, दोन काटे येण्याच्या मात्र ६ जुळण्या. म्हणून दोन-दोन जास्त वेळा येतं. यात कोणतीही शक्ती काम करत नाही, नुसती मोजणी आहे.

आता १०० नाणी घ्या. सगळे छापे येण्याची जुळणी अजूनही एकच. पण ५० छापे, ५० काटे येण्याच्या जुळण्या किती? साधारण १ वर २९ शून्यं इतक्या. प्रोग्रामिंग येत असेल तर हे फोनवरच करून बघा. यादृच्छिक आकडे घेऊन १०० नाणी लाखभर वेळा फेकायला पाच-सहा ओळींचा पायथन प्रोग्राम पुरतो. उत्तरं ५० च्या आजूबाजूला घोटाळत राहतील. सगळे छापे एकदाही दिसणार नाहीत.

आता नाण्यांऐवजी रेणू धरा. एका मोलमध्ये ६.०२२ × १० चा २३वा घात इतके रेणू असतात. १०० नाण्यांत फरक इतका प्रचंड होता, तर इथे काय होईल? जास्त जुळण्या असलेली स्थितीच येणार, जवळजवळ शंभर टक्के खात्रीने. आपण ज्याला 'आपोआप होतं' म्हणतो ते हेच आहे.

अशा जुळण्यांना मायक्रोस्टेट म्हणतात. लुडविग बोल्ट्झमन या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञाने एन्ट्रॉपीचा संबंध थेट या मोजणीशी जोडला: एस = के × लॉग डब्ल्यू. इथे डब्ल्यू म्हणजे काम नाही, जुळण्यांची संख्या (हा दुसरा खड्डा, एकच अक्षर आणि दोन अर्थ). के हा बोल्ट्झमनचा स्थिरांक. १९०६ मध्ये तो वारला. व्हिएन्नातल्या त्याच्या समाधीवर हेच सूत्र कोरलेलं आहे.

'एन्ट्रॉपी' हा शब्द मात्र त्याचा नाही. तो १८६५ मध्ये जर्मन शास्त्रज्ञ रुडॉल्फ क्लॉसियस याने ग्रीक शब्दावरून तयार केला. त्याची व्याख्या मोजणीतून आलेली नव्हती, वाफेच्या इंजिनांच्या अभ्यासातून आली होती: शोषलेली उष्णता भागिले तापमान. या दोन व्याख्या वेगळ्या दिसतात, पण एकच उत्तर देतात.

'डिसऑर्डर' शब्दाने कुठे घोटाळा होतो

पसरलेली खोली, विस्कटलेले पत्ते ही उदाहरणं तुम्ही व्हिडिओत बघितली असतील. फ्रँक लॅम्बर्ट नावाचे अमेरिकन रसायनशास्त्राचे प्राध्यापक याच उदाहरणांच्या मागे लागले होते. १९९९ आणि २००२ मध्ये त्यांनी 'जर्नल ऑफ केमिकल एज्युकेशन'मध्ये लेख लिहून सांगितलं की पत्ते आणि खोलीची उदाहरणं मुलांची दिशाभूल करतात. एन्ट्रॉपीकडे ऊर्जेचं पसरणं म्हणून बघा. खोलीतला पसारा रेणूंच्या उष्ण हालचालीने झालेला नसतो, तो तुम्ही केलेला असतो.

'डिसऑर्डर'ने घोटाळा कसा होतो ते थंडीतल्या सकाळी तुरीच्या पानांवर बघा. रात्री हवेतली वाफ पाणी होऊन पानांवर बसते, तेच दव, तेच दहिवर. वाफेचे रेणू हवेत मोकळे फिरत होते, ते थेंबात येऊन बसले. म्हणजे 'डिसऑर्डर' कमी झाला. तरी ही क्रिया आपोआप झाली! मग नियम मोडला का?

नाही. वाफेचं पाणी होताना उष्णता बाहेर पडते आणि ती आजूबाजूच्या थंड हवेत, आकाशात पसरते. थेंबाची एन्ट्रॉपी कमी झाली, पण परिसराची त्याहून जास्त वाढली. दुसरा नियम सांगतो तो एवढाच: क्रिया आपोआप होते तेव्हा वस्तू आणि परिसर मिळून एकूण एन्ट्रॉपी वाढते. नुसत्या वस्तूची नाही. पाठ करायचंच असेल तर हे 'मिळून' पाठ करा.

फ्रीजचंही असंच. आतली एन्ट्रॉपी कमी होते, पण मागच्या जाळीला हात लावा, गरम लागते. आतून काढलेली उष्णता आणि कॉम्प्रेसरने खाल्लेली वीज दोन्ही तिथून खोलीत जातात. म्हणून उन्हाळ्यात फ्रीजचं दार उघडं ठेवून खोली थंड होत नाही, उलट तापते.

बर्फाचा हिशोब, आकड्यांत

हे खरंच असं चालतं का ते एका गणितात बघू. एक किलो बर्फ वितळायला ३३४ किलोज्यूल, म्हणजे ३,३४,००० ज्यूल लागतात. बर्फ ० अंश सेल्सिअसला वितळतो, म्हणजे २७३ केल्विन.

खोली ३० अंशांची (३०३ केल्विन) असेल तर:

- बर्फाची एन्ट्रॉपी वाढली: ३,३४,००० ÷ २७३ = १,२२३ ज्यूल प्रति केल्विन
- खोलीची कमी झाली: ३,३४,००० ÷ ३०३ = १,१०२ ज्यूल प्रति केल्विन
- एकूण: अधिक १२१. म्हणजे बर्फ वितळणार.

तोच बर्फ उणे १० अंशांच्या (२६३ केल्विन) फ्रीझरमध्ये ठेवला तर:

- बर्फाची वाढ ढोबळमानाने तीच: १,२२३
- फ्रीझरची घट: ३,३४,००० ÷ २६३ = १,२७०
- एकूण: उणे ४७. म्हणजे वितळणार नाही. उलट तिथे पाणी ठेवलं तर गोठेल.

बघा, बर्फ तोच, उष्णता तीच. फक्त परिसराचं तापमान बदललं आणि दिशा फिरली. थंड जागेला तेवढीच उष्णता 'महाग' पडते, कारण भागाकारात खालचा आकडा लहान आहे. दहा रुपये गरिबाच्या खिशातून गेले तर जास्त जाणवतात, तसं.

गिब्जचं सूत्र आणि किलोज्यूलचा खड्डा

दर वेळी परिसराचा वेगळा हिशोब कोण करत बसणार? जोसाया विलार्ड गिब्ज या अमेरिकन शास्त्रज्ञाने तो एकाच सूत्रात बसवला: डेल्टा जी = डेल्टा एच − टी × डेल्टा एस. ठरावीक तापमान आणि दाबाला डेल्टा जी उणे आला, तर क्रिया आपोआप होते. यातला डेल्टा एच म्हणजे परिसराशी झालेली उष्णतेची देवाणघेवाण आणि डेल्टा एस म्हणजे वस्तूची स्वतःची एन्ट्रॉपी. दोन्ही खाती एकाच ओळीत आली.

आता युरिया. विरघळताना डेल्टा एच अधिक १५ किलोज्यूल. डेल्टा एस प्रति मोल सुमारे ७० ज्यूल प्रति केल्विन, कारण दाण्यात एकाच जागी बांधलेला रेणू आता बादलीभर पाण्यात कुठेही असू शकतो, जुळण्या अफाट वाढल्या. २९८ केल्विनला टी × डेल्टा एस झालं सुमारे २१ किलोज्यूल. १५ मधून २१ गेले, उरले उणे ६. क्रिया आपोआप होणार. ऊर्जेत तोटा झाला, पण जुळण्यांत त्याहून मोठा नफा झाला. भावाचं उत्तर अडलं होतं ते इथे.

एक मात्र सांभाळा. डेल्टा एच किलोज्यूलमध्ये देतात आणि डेल्टा एस ज्यूलमध्ये. १००० ने भागायचं राहिलं की उत्तर साफ चुकतं. गणित हातात घेतलं की आधी एकक लिहा, मग आकडा.

आता जरा अवघड, पण मजेशीर गोष्ट. पाण्याच्या बाष्पीभवनासाठी २५ अंशांना डेल्टा एच ४४.० किलोज्यूल आणि डेल्टा एस ११८.८ ज्यूल प्रति केल्विन आहे. गणित करा: ४४.० − २९८ × ०.११८८ = सुमारे ८.६. अधिक! म्हणजे सूत्राप्रमाणे २५ अंशांना पाणी वाफ होऊ नये. मग दोरीवरचे कपडे कसे वाळतात?

गोम 'स्टँडर्ड' या शब्दात आहे. पुस्तकातले आकडे १ बार दाबाच्या वाफेसाठी असतात. आपल्या भोवतालच्या हवेत वाफ त्याहून फार विरळ असते. विरळ वाफेत प्रत्येक रेणूला जागा जास्त, म्हणजे जुळण्या जास्त, म्हणजे एन्ट्रॉपी आणखी जास्त. २५ अंशांना हवेतल्या वाफेचा दाब ०.०३२ बारच्या खाली असेल तर डेल्टा जी उणे होतो आणि कपडे वाळतात. त्याच्या वर गेला की उलटं, वाफेचं पाणी होतं. सूत्र चुकलेलं नव्हतं, आपण त्याला चुकीच्या परिस्थितीचा प्रश्न विचारला होता.

कूलर: वऱ्हाडातलं एन्ट्रॉपीचं यंत्र

आता तुमच्या घरातला डेझर्ट कूलर बघा. तो नेमकं हेच करतो. वाळ्याच्या किंवा लाकडी भुशाच्या जाळीवरून पाणी सोडायचं आणि त्यातून गरम कोरडी हवा ओढायची. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला साधारण २,४०० किलोज्यूल लागतात, म्हणजे विजेच्या भाषेत पाऊण युनिटला थोडी कमी. ही उष्णता हवेतून येते. तासाला १० लिटर पाणी उडालं तर साडेसहा किलोवॅटहून जास्त उष्णता खेचली जाते. दीड टनाचा एसी सुमारे सव्वापाच किलोवॅट खेचतो. आणि कूलरची मोटर लागते दोनशे वॅटच्या आसपास!

मग सगळे एसी का घेतात? कारण कूलरला मर्यादा आहे. मे महिन्यात ४३ अंश तापमान आणि १५ टक्के आर्द्रता असेल तर ओल्या जाळीतून येणारी हवा जास्तीत जास्त २३ अंशांपर्यंत उतरू शकते. जुलैत ३० अंश आणि ८५ टक्के आर्द्रता असेल तर ती २८ च्या खाली जाऊच शकत नाही. हवेत आधीच वाफ भरलेली, नव्या वाफेच्या जुळण्यांचा नफा उरला नाही. म्हणून पावसाळ्यात कूलर नुसता चिकचिक करतो. आणि म्हणूनच घरातली मोठी माणसं सांगतात, कूलर लावला की खिडकी उघडी ठेव. ओली हवा बाहेर गेली नाही तर खोलीतच पावसाळा होतो.

शकुंतला आणि शंभर टक्क्यांचं स्वप्न

हे शास्त्र जन्माला आलं ते कोळशातून जास्तीत जास्त काम कसं काढायचं या प्रश्नातून. सादी कार्नो या फ्रेंच अभियंत्याने १८२४ मध्ये दाखवलं की उष्णतेवर चालणाऱ्या कोणत्याही इंजिनाला एक वरची मर्यादा असते आणि ती फक्त दोन तापमानांवर ठरते.

कारंज्यावरून जाणारी मूर्तिजापूर–यवतमाळ शकुंतला घरच्या मोठ्यांना आठवत असेल. ही नॅरोगेज गाडी १९९४ पर्यंत वाफेच्या इंजिनावर धावायची. समजा बॉयलरची वाफ १८० अंशांची (४५३ केल्विन) आणि बाहेर ३५ अंश (३०८ केल्विन). कार्नोची मर्यादा: १ − ३०८ ÷ ४५३ = ०.३२. म्हणजे सर्वांत आदर्श इंजिन असतं तरी १०० तली ६८ टक्के उष्णता हवेत सोडावीच लागली असती. प्रत्यक्षातल्या वाफेच्या इंजिनांची कार्यक्षमता तर याहूनही बरीच कमी असायची. ही कारागिराची चूक नाही. उष्णता थोडी बाहेर टाकली नाही, तर एकूण एन्ट्रॉपी कमी होईल, आणि ते दुसऱ्या नियमाला मान्य नाही.

कोणी 'पाण्यावर चालणारी गाडी' किंवा 'इंधनाशिवाय वीज देणारं मशीन' असा व्हिडिओ पाठवला तर हे दोन नियम आठवा. पाणी हे हायड्रोजन जळून गेल्यावर उरलेलं आहे, ती राख आहे. राख पुन्हा पेटवता येत नाही.

तुमच्या फोनमधली एन्ट्रॉपी

५,००० एमएएचची बॅटरी म्हणजे साधारण १९ वॅट-अवर, म्हणजे ६९ किलोज्यूल. दिवसभरात ही जवळजवळ सगळी ऊर्जा शेवटी उष्णताच होते. एवढ्या उष्णतेत सुमारे २०० ग्रॅम बर्फ वितळेल. गेम खेळताना फोन तापतो तो बिघाड नाही, तो पहिला आणि दुसरा नियम आहे.

आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यातही एन्ट्रॉपी आहे. क्लॉड शॅनन या अमेरिकन गणितज्ञाने १९४८ मध्ये माहिती मोजायचं सूत्र मांडलं, आणि ते बोल्ट्झमनच्या सूत्राच्याच घडणीचं निघालं, कारण दोन्हीकडे प्रश्न एकच: शक्यता किती? चार आकडी पिनच्या १०,००० शक्यता, म्हणजे १३.३ बिट. सहा आकडी पिनच्या १० लाख, म्हणजे १९.९ बिट. पण तुम्ही पिन म्हणून जन्मसाल ठेवलं तर चोराला शंभरेक शक्यताच तपासायच्या आहेत, एन्ट्रॉपी सात बिटांच्या आत आली. फोटोची फाईल झिप केली तरी लहान का होत नाही याचंही उत्तर हेच. जेपीईजीमध्ये पुनरावृत्ती आधीच काढून टाकलेली असते, पिळायला काही उरत नाही.

मग मोबाईलवर शिकायचं कसं?

मी भावाला जे सांगितलं तेच इथे लिहितो.

१. आधी पुस्तक, मग व्हिडिओ. महाराष्ट्र बोर्डाच्या बारावी केमिस्ट्रीत चौथा धडा 'केमिकल थर्मोडायनॅमिक्स' आहे. बालभारतीच्या संकेतस्थळावर पुस्तकाची पीडीएफ मोफत मिळते. तीन पानं वाचा, जिथे अडलं तिथे खूण करा, आणि फक्त त्या खुणेसाठी व्हिडिओ शोधा. उलटं केलं की व्हिडिओमागून व्हिडिओ जातात आणि वही कोरी राहते.

२. व्हिडिओ थांबवून उत्तर आधी लिहा. सरांनी प्रश्न मांडला की पॉज. डेल्टा एस अधिक की उणे, ते कारणासकट वहीत लिहा, मग प्ले. दुप्पट वेगाने बघितलेला धडा ओळखीचा वाटतो, पण ओळखीचं वाटणं म्हणजे येणं नव्हे.

३. सिम्युलेशन वापरा. नोबेल विजेते भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वीमन यांनी २००२ मध्ये कोलोरॅडो विद्यापीठात सुरू केलेल्या फेट प्रकल्पाची सिम्युलेशन्स फोनच्या ब्राउझरमध्ये मोफत चालतात. त्यातली बरीच मराठीतही आहेत. 'डिफ्यूजन' उघडा, मधला पडदा काढा, आणि रेणू परत आपापल्या बाजूला जातात का ते बघत बसा.

४. पाया झाला की वर चढा. आयआयटी आणि आयआयएससीच्या प्राध्यापकांचे एनपीटीईएल अभ्यासक्रम मोफत बघता येतात. अमेरिकेतल्या एमआयटीचा २००८ सालचा थर्मोडायनॅमिक्सचा अभ्यासक्रमही ऑनलाईन आहे. तो शिकवणाऱ्या दोघांपैकी मुंगी बावेंडी यांना २०२३ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. धनजच्या ओसरीवर बसून नोबेलवाल्या सरांचा तास बघता येतो, ही लहान गोष्ट नाही. फळ्यावरचं दिसायला कमी रिझोल्यूशनही पुरतं, डेटा वाचतो.

५. शब्द दोन्ही भाषांत लिहा. वहीत इंग्रजी संज्ञा आणि शेजारी तिचा अर्थ स्वतःच्या मराठीत. 'स्पॉन्टेनियस' म्हणजे 'लगेच होणारं' नव्हे, 'बाहेरून रेटा न देता होणारं'. लोखंड गंजायला महिने लागतात, तरी ती स्पॉन्टेनियस क्रिया आहे. वेग सांगणारा धडा वेगळा.

आता मोबाईल काय करू शकत नाही तेही ऐका. तो तुमची वही तपासत नाही. चिन्ह कुठे चुकलं ते दाखवायला माणूस लागतो. तो कॉलेजातले सर असतील, पुढच्या वर्गातला मुलगा असेल, नाहीतर क्लास असेल. आठवड्यातून एकदा जरी कोणी गणितं तपासून दिली तरी मोबाईलवरचा अभ्यास उभा राहतो. तसं कोणीच नसेल तर क्लासचा खर्च वाया जात नाही, असं मी काकांनाही सांगितलं. निर्णय त्यांचा आहे. पण 'व्हिडिओ बघितले का' हे विचारण्यापेक्षा 'या आठवड्यात कोणी वही तपासली का' हे विचारा, एवढंच माझं म्हणणं.

आणि मोबाईल हाताला गार लागत नाही. म्हणून हा प्रयोग करा. प्रयोगशाळेतलं थर्मामीटर घ्या (तापाचं चालणार नाही, त्याची पट्टी साधारण ३५ ते ४२ अंशांचीच असते). अर्धा लिटर पाण्याचं तापमान लिहा, ६० ग्रॅम युरिया टाकून ढवळा, पुन्हा लिहा. जुनं भांडं वापरा, हात धुवा, आणि ते पाणी जनावरांच्या तोंडाशी ठेवू नका, युरिया त्यांना विषारी ठरतो. मग थर्मामीटरच्या टोकाला ओलं फडकं गुंडाळून पंख्यासमोर धरा आणि आकडा किती उतरतो ते बघा. मेमध्ये आणि जुलैमध्ये, दोन्ही वेळा.

दोन्ही आकडे हातात आले की धड्यातली गणितं पुन्हा सोडवा. पाणी किती अंशांनी उतरायला हवं होतं आणि प्रत्यक्षात किती उतरलं, फरक का पडला, उष्णता कुठून आत आली, हे चार ओळींत मराठीत लिहिता आलं, तर समजा धडा झाला.